कु, घ, ङ, छ

माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला आणि तो नेमका आर्द्रा नक्षत्रावर झाला. आर्द्रेची अक्षरं पंचांगात दिलेली आहेत : कु, घ, ङ, छ. ही चार अक्षरं एकदा ओळीने मोठ्याने म्हणून बघा. थंडीत स्कूटर किकला दाद देत नसली की असाच आवाज करते. त्यात बाळाचा चरण निघाला तिसरा. म्हणजे अक्षर आलं ङ.

आता ङवरून नाव कुणाचं असतं? पहिलीच्या तक्त्यात क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा. ङच्या चौकटीत मात्र चित्रच नसे, तिथे ङ एकटाच बसलेला असायचा. एवढी वर्षं ते अक्षर कुणाची वाट बघत होतं ते आता कळलं. आमची.

गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘घाबरताय काय? ङच्या जागी ग घ्या, शास्त्रात सोय आहे.’’ हस्ताला ण येतो, उत्तरा भाद्रपदेला ञ येतो, त्या लेकरांचंही काही अडत नाही, अशी त्यांनी समजूत घातली. पण भावजयीला ग पसंत पडेना. ‘‘ग म्हणजे गंगाराम, गणपत, गोविंद. ताई, तो बालवाडीत जाणार आहे, भजनीमंडळात नाही.’’

मी या बाळाची आत्या. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सांगताना पाठीत गुद्दे खायचा मानही आत्याचाच. पूर्वी नाव ठरवायचा अधिकारही तिच्याकडे असे. आता अधिकार व्हॉट्सअ‍ॅपकडे गेला, गुद्दे तेवढे माझ्याकडे राहिले.

बाळ दीड महिना आधी आलं. वजन एक किलो सातशे. त्यामुळे त्याची रवानगी काचेच्या पेटीत आणि बारावा दिवस तिथेच गेला. मनगटाला पट्टी होती, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. आम्ही बाकीचे बाहेरच्या बाकांवर बसून होतो. डॉक्टरांना काही विचारायची भीती वाटत होती आणि एकमेकांशी काही बोलायची त्याहून जास्त. अशा वेळी भावाने ‘नाव सुचवा’ हा ग्रुप काढला. सत्तावीस माणसं. सगळ्यांना हायसं वाटलं. भांडायला विषय मिळाला.

अटी अशा होत्या. नाव अडीच अक्षरी हवं. बिल्डिंगमध्ये कुणाचं नसावं. त्यात ळ नसावा, कारण भावजयीचा भाऊ टोरांटोला असतो आणि तिथल्या लोकांना ळ म्हणता येत नाही. बाळ टोरांटोला केव्हा जाणार, ते ठरलेलं नव्हतं. अजून पेटीतून बाहेर यायचं होतं. पण ळ आधीच बाद झाला. शेवटची अट, अर्थ चांगला हवा.

इथेच घोळ झाला, कारण अर्थ बघायचं काम माझ्याकडे आलं.

कु धरून मी ‘कुणाल’ सुचवलं. सगळे खूश. मग कुणीतरी शोध घेतला. कुणाल हा सम्राट अशोकाचा मुलगा. सुंदर डोळ्यांच्या पक्ष्यावरून त्याचं नाव ठेवलं आणि कथेप्रमाणे सावत्र आईने त्याचे तेच डोळे काढवले. ‘कुणाल’ बाद. काकांनी ‘कुबेर’ सुचवलं, घरात पैसा येईल म्हणून. कुबेर या शब्दाची जुनी फोड ‘ज्याचं शरीर वाईट आहे तो’ अशी करतात. ‘कुश’ म्हणजे दर्भ, थोडक्यात गवत. घवरून घनश्याम, छवरून छगन. ग्रुपवर दोन दिवस शांतता पसरली.

मग भावजयीने मोबाइलवर नावांचं अ‍ॅप उतरवून घेतलं. हे अ‍ॅप फार दयाळू आहे. त्यात वाईट अर्थाचं नावच नाही. कुठलंही अक्षर दाबा, अर्थ येतो ‘सूर्याचा पहिला किरण’, ‘अद्वितीय’ किंवा ‘विष्णूचे एक नाव’. विष्णूला सहस्रनाम आहे हे आपल्याला माहीत होतं. अ‍ॅपने त्यात पुढच्या दहा वर्षांची सोय करून ठेवली आहे. शेजारच्या मुलीचं नाव मायरा. अ‍ॅपमध्ये अर्थ ‘प्रिय’, मूळ संस्कृत. खरं म्हणजे हे नाव फल्क ग्रेव्हिल नावाच्या एलिझाबेथकालीन इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी बनवलं. मी हे जिन्यात सहज सांगितलं. तेव्हापासून मायराची आजी माझ्याकडे विरजण मागायला येत नाही.

सोव्हिएत रशियात ‘निनेल’ असं मुलीचं नाव ठेवत. आपल्या अ‍ॅपला विचारलं तर ते ‘निळ्या आकाशाची धून’ असं काहीतरी बिनदिक्कत सांगेल. निनेल म्हणजे लेनिन, उलटीकडून वाचलेला.

टोरांटोच्या मामाने दोन्हीकडे चालतील अशी नावं पाठवली. ती मी तपासली. पॉल म्हणजे लहानखुरा. एक किलो सातशेला शोभलं असतं, पण पुढे काय? कॅल्विनच्या मुळाशी ‘टकला’ आहे, क्लॉडच्या मुळाशी ‘लंगडा’. मुलगी झाली असती तर त्याच्याकडे रेचेल, म्हणजे मेंढी, आणि डेबोरा, म्हणजे मधमाशी, तयारच होत्या. आणि बार्बरा म्हणजे परकी, जिची भाषा आपल्याला कळत नाही ती. ग्रीकांना परक्यांचं बोलणं ‘बर बर’ असं ऐकू येई. आपल्या संस्कृतातल्या ‘बर्बर’चा कानही तोच. म्हणजे आपण ज्या नावांना फॅशनेबल समजून उसनी आणतो, ती त्यांच्या गावात मेंढी, टकला, लंगडा अशीच निघतात. आपल्या पाटलाच्या आळीत याहून वेगळं काही नव्हतं.

एव्हाना मला नाद लागला होता. रात्री बाकावर बसून मी जगभरच्या बारशांना जाऊन यायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पहिला शोध हा की जगातल्या बऱ्याच आईबापांनी नाव ठेवायचा कंटाळा केला आहे. बालीत पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमन, चौथं केतुत. मुलगा असो की मुलगी. पाचवं झालं तर? पुन्हा वायान. यादी संपली की वरून सुरुवात, पंगतीत वाढतात तशी. जपानात थोरला तारो, दुसरा जिरो, तिसरा साबुरो, पाचवा गोरो. आपला गोरा आणि त्यांचा गोरो यांचा काही संबंध नाही, तो बिचारा नुसता पाचवा.

रोमन लोकांनी तर हद्द केली. क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस सहावा, डेसिमस दहावा. मुलग्यांना निदान आकडा मिळे. मुलीला स्वतःचं असं नावच नसे, कुळाचं नाव तेच तिचं नाव. ज्युलियस कुळातली प्रत्येक मुलगी ज्युलिया. ज्युलियस सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलिया. दिवाळीत घरी सगळ्या जमल्या आणि आतून कुणी ‘ज्युलिया, जरा चहा टाक गं’ म्हटलं, तर एक तर चौघी उठत असतील किंवा एकही नाही. दुसरीच शक्यता जास्त. सीझर एवढी वर्षं गॉलच्या मोहिमेवर का राहिला, याचा इतिहासकारांनी या बाजूने विचार केलेला दिसत नाही.

काहींनी आकड्याऐवजी वार धरला. पश्चिम आफ्रिकेत घानामधल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. मुलगा सोमवारी झाला तर कोजो, शुक्रवारी कोफी, शनिवारी क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान यांचा जन्म 8 एप्रिल 1938चा. वार शुक्रवार. अन्नान म्हणजे चौथं अपत्य. आपल्या ठाणे-पालघरकडच्या पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या हीच पद्धत सांभाळून आहेत. शहरी पाहुणे ती नावं ऐकून गालात हसतात. मराठीत सांगायचं तर जगाचा कारभार दहा वर्षं शुक्र्या चौथे यांनी पाहिला.

आणि त्यांच्याआधी? 1992 ते 1996 त्या खुर्चीत इजिप्तचे बुत्रोस बुत्रोस-घाली होते. बुत्रोस हा पीटरचा अरबी अवतार आणि पीटर म्हणजे दगड. दगडू दगडू-घाली. अरबीत घाली म्हणजे महाग किंवा मोलाचा, पण ते आडनाव मी मराठीतच वाचते. डोळ्यांसमोर गवंडी उभा राहतो.

या दगडापाशी मी थांबले, कारण तो आमच्या घरातला निघाला.

आमच्या आजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा पणजीने कुणाला न विचारता त्याला धोंडू म्हटलं. हिशेब साधा होता. मरण दारात आलं आणि त्याने विचारलं, ‘आत काय आहे?’, तर सांगायचं, ‘काही नाही, धोंडा आहे.’ दगडाला कोण नेणार? दगडू, केरू, कचरू, भिकू, उकिर्डा ही सगळी नावं या एकाच लबाडीतून आली. लेकरू मौल्यवान आहे हे वर कळता कामा नये. नाव म्हणून किमतीची चिठ्ठी फाडून टाकायची आणि खाली लिहायचं, ‘कचरा’. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं आणि ज्यांना शंभरीत भारतरत्न मिळालं, त्या महर्षी कर्व्यांचंही नाव धोंडो. दगड म्हणून ठेवा, नाहीतर अधिकात म्हणजे धोंड्याच्या महिन्यात झाला म्हणून ठेवा, माणूस घडायचा तसा घडतो.

आमचं मूळ गाव सावंतवाडीकडचं, गोवा हाकेच्या अंतरावर. बांद्याच्या बाजारात आजोबांचा एक दोस्त यायचा, गोव्याचा पेद्रू. ‘काय रे धोंडू, बरो आसस मां?’ म्हणून हाक मारायचा आणि दोघे विडी ओढत बसायचे. पेद्रू हा पोर्तुगीज पेद्रोचा कोकणी अवतार. पेद्रो म्हणजे पीटर. मुळात सायमन नावाचा एक कोळी होता. येशूने त्याचं नाव बदलून ‘केफा’ ठेवलं, म्हणजे खडक, आणि सांगितलं की या खडकावर मी माझं मंदिर बांधीन. केफाचं ग्रीकमध्ये पेत्रोस झालं, इंग्लंडात पीटर, फ्रान्सात पिएर, रशियात प्योत्र, कैरोत बुत्रोस आणि गोव्यात पेद्रू. फ्रेंचमध्ये तर आजही पिएर म्हणजे सरळ दगडच. पण मादाम क्यूरींच्या नवऱ्याला कुणी ‘दगडू क्यूरी’ म्हणून हसल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे बांद्याच्या बाजारात दोन दगड शेजारी शेजारी बसून विड्या ओढत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. एकाचं नाव त्याच्यावर मंदिर बांधावं म्हणून ठेवलेलं, दुसऱ्याचं त्याला यमाने उचलू नये म्हणून.

ही लबाडी आपल्या एकट्यांची नाही, हे कळल्यावर तर मला पणजीचा फारच अभिमान वाटला. चीनच्या खेड्यांत लेकराला दुधाचं, म्हणजे लहानपणी हाक मारायचं, नाव ‘गोउशेंग’ ठेवत, म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेलं. मूळ विचार हाच की जे कुत्र्यालाही नको, ते भुताला कशाला हवं? थायलंडात कागदावरचं नाव भरजरी संस्कृत आणि घरात हाक मारायला मू, म्हणजे डुक्कर, किंवा कुंग, म्हणजे कोळंबी. त्यांचे 2016पर्यंतचे राजे भूमिबल अतुल्यतेज. त्याच देशात 2011 ते 2014 पंतप्रधान असलेल्या यिंगलक शिनावात्रा यांचं घरचं नाव ‘पू’. पू म्हणजे खेकडा. देश चालवणाऱ्या बाईंना घरातून हाक येते, ‘खेकडे, जेवायला ये.’ मला हे राष्ट्र फार सुसंस्कृत वाटतं. इंडोनेशियात कुस्नो नावाचं एक पोर सारखं आजारी पडे. बापाने नाव बदललं आणि महाभारतातला कर्ण घेतला, त्याला पुढे ‘सु’ लावला, म्हणजे चांगल्या बाजूचा कर्ण. तो सुकर्ण पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. औषध लागू पडलं म्हणायचं.

मात्र सगळीच वाईट नावं मायेची नसतात. धोंडू म्हटलं ते राहावा म्हणून. नकुशी म्हटलं ते झाली म्हणून. तिसरी, चौथी मुलगी झाली की ‘नको असलेली’ हेच नाव ठेवायचं, म्हणजे देवाला इशारा पोहोचतो. चीनमध्ये याच इशाऱ्याला ‘झाओदी’ म्हणतात. धाकट्या भावाला बोलावून आण, असा त्याचा अर्थ. पोरीचं नाव, पण त्यात ती कुठेच नाही. ऑक्टोबर 2011मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून 285 नकुशींची नावं बदलली. 285 मुलींनी स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, असं बारसं जगात दुसरीकडे झालं असेल तर मला कळवा. तिथे आत्याची गरज पडली नाही, याचा मला आनंदच आहे.

देवाकडून मिळालं, ही तिसरी तऱ्हा. आपला देवदत्त संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथांत गेली दोन हजार वर्षं भात शिजवतोय. पतंजलीपासून प्रत्येकाने उदाहरणाला त्यालाच धरलं. तो भात अजून शिजला नाही, पण मधल्या काळात त्याचे नातेवाईक जगभर पसरले. ग्रीकांचा थिओडोर म्हणजे देवदत्त. तोच रशियात फ्योदोर, म्हणजे दस्तयेवस्की हे आपले देवदत्तच. नाव उलट करून मुलीला ठेवलं की डोरोथी. फ्रान्सात द्यूदोने, हिब्रूत नथानिएल, आपल्याकडे खुदाबक्ष आणि दत्तप्रसाद. स्लाव लोकांचा बोगदान तर सख्खा चुलतभाऊ. बोग म्हणजे देव, आपल्या ‘भग’चा आणि भगवंताचा नातलग, आणि दान म्हणजे दिलेलं. जगात धर्मावरून एवढी भांडणं झाली, पण मूल झालं की पावती सगळ्यांनी एकाच नावावर फाडली.

काही देशांत हे सगळं सरकार बघतं. फ्रान्सने 1803मध्ये कायदा केला की नाव संतांच्या कॅलेंडरातलं किंवा प्राचीन इतिहासातलं असावं. तो पूर्ण सैल व्हायला 1993 उजाडलं. 1996मध्ये स्वीडनमधल्या आईबापांना मुलाचं नाव वेळेत न नोंदवल्याबद्दल पाच हजार क्रोनर दंड झाला. त्यांनी निषेध म्हणून अक्षरं आणि आकडे मिळून 43 चिन्हांचं नाव दाखल केलं आणि खाली लिहिलं, ‘उच्चार : अल्बिन’. सरकारने नाकारलं. जपानात 1993मध्ये अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, ठेवायचा हट्ट धरला आणि देशभर गदारोळ झाला. इतर बाप निदान दोन वर्षं वाट बघून मग म्हणतात.

आइसलँडमध्ये नावांसाठी समितीच आहे. नाव त्यांच्या व्याकरणात नीट चालायला हवं, चारही विभक्तींत. वाऱ्याची झुळूक अशा अर्थाचं नाव ठेवलेल्या एका मुलीला त्यांनी नाव नाकारलं, कारण शब्द पुल्लिंगी. पंधरा वर्षं सरकारी कागदांवर तिचं नाव नुसतं ‘मुलगी’ होतं. 2013मध्ये ती कोर्टात जिंकली. मी काचेतून आमच्या ‘बेबी ऑफ’कडे बघितलं. म्हटलं, तुझे सतराच दिवस झालेत, पुष्कळ वेळ आहे.

सरकारी कागदांचं मला नवल नाही. माझी स्वतःचीच दोन नावं आहेत. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण अक्षर वाचता येत नव्हतं. चोवीस वर्षं वापरलेलं नाव तांदळात गेलं. एका बँकेत आजही या दोन वेगळ्या बायका आहेत. पहिलीच्या नावावर पैसे आहेत आणि दुसरीला सही येते. मॅनेजर म्हणाले, ‘‘त्यांना घेऊन या.’’

तेव्हा नाव टिकवायचं कसं? त्यावर माणसाने काढलेला उपाय म्हणजे गेलेल्याचं नाव आलेल्याला देणं. नायजेरियातल्या योरुबा लोकांत आजोबा गेल्यावर नातू झाला की त्याचं नाव बाबातुंदे, म्हणजे ‘बाबा परत आले’. बाबा हा शब्दसुद्धा त्यांनी आपल्यासारखाच ठेवला आहे. आपल्याकडेही हीच रीत, फक्त त्यात एक अडचण होती. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. माझ्या आईने उभ्या जन्मात ‘धोंडू’ म्हटलं नाही. सगळं जग धोंड्याचा महिना म्हणायचं, ती म्हणायची ‘अधिक’. रस्त्यात ठेच लागली तरी तिला धोंडा लागला नाही, कायम दगड लागला. मग सासऱ्याचं नाव मुलाला ठेवलं तर हाक कशी मारणार? म्हणून कागदावर आजोबांचं नाव आणि घरात आप्पा, अण्णा, तात्या, नाना. चड्डीची नाडी लोंबतेय, नाक वाहतंय आणि हाक येतेय, ‘‘तात्या, शेंबूड पूस!’’ जगात पाच वर्षांचे वडीलधारे एवढ्या संख्येने महाराष्ट्रातच सापडतील.

या शोधात एका रात्री न्यूटन भेटला. तोही वेळेआधी आलेला. आईने त्याला सांगितलं होतं की जन्मला तेव्हा तू एवढासा होतास की लिटरभराच्या मगात मावला असतास. बाप तीन महिने आधी गेला होता, म्हणून बापाचंच नाव पोराला ठेवलं, आयझॅक. हिब्रूत त्याचा अर्थ ‘तो हसेल’. म्हाताऱ्या सारेला मूल होणार असं कळल्यावर हसू आलं, म्हणून तिच्या मुलाचं ते नाव पडलं. मगात मावणारं, बाप नसलेलं पोर आणि त्याचं नाव ‘हसेल’. ते चौऱ्याऐंशी वर्षं जगलं. मी हे रात्री दोन वाजता भावाला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, ‘‘ताई, घरी जाऊन झोप.’’

बाविसाव्या दिवशी पेटी सुटली. दोन महिन्यांनी बारसं केलं. घुगऱ्या, पाळणा, फुगे आणि मागे बाळाच्या नावाची सोनेरी अक्षरं, जी नाव सांगायच्या आधीच सगळ्यांना वाचता येत होती. नाव काय ठेवलं ते मी सांगत नाही. तुमच्या शेजारच्या बाळाचं जे आहे तेच. अडीच अक्षरी, ळ नसलेलं, अर्थ ‘अद्वितीय’. त्याच हॉलमध्ये आदल्या रविवारी त्याच नावाचं बारसं झालं होतं, म्हणून सोनेरी अक्षरं स्वस्तात मिळाली. घरात सगळे त्याला ढब्बू म्हणतात.

कानात सांगायची वेळ आली. मी वाकले. मागून बायकांनी गुद्दे सुरू केले, त्यात एक मायराच्या आजीचा होता, तो मला ओळखू आला. कुर्रऽऽ करून मी आधी ते सोनेरी नाव सांगितलं. मग आणखी खाली वाकून, ज्याला ऐकू जाऊ नये त्याला मुद्दाम ऐकू जाईल असं, दुसरं सांगितलं. दोनच अक्षरं, त्यात ना कु, ना घ, ना ङ, ना छ. आई शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून का होईना, सासऱ्यांचं नाव घेतलं.

परवा वजन केलं. पाच किलो दोनशे.